तिसरी ट्यूब मागायच्या आधी: मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि वेळेवरची तपासणी

बेळगाव-खानापूर रोडला माझं मेडिकलचं दुकान आहे, २० वर्षं होत आली. मूळव्याधीची ट्यूब मागणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. दुकानातली गर्दी कमी होईपर्यंत बाजूला मोबाईल चाळत उभा राहतो, मग हळूच म्हणतो, "ओ, ती ट्यूब द्या की, मागल्या टायमाची." बायका तर स्वतः येतच नाहीत, पोराच्या हातात चिठ्ठी देऊन पाठवतात. पहिली ट्यूब मी देतो. दुसरी देताना विचारतो, रक्त पडतंय काय, किती दिवस झाले, वय किती, कुणी डॉक्टरनं बोट घालून बघितलंय काय. तिसरी मागायला आला आणि अजून कुणी तपासलेलंच नाही म्हणाला तर देत नाही, आधी दाखवून या म्हणतो. ह्यावरून दोनदा भांडण झालंय, एकजण तर समोरच्या दुकानातून घेऊन मला दाखवत गेला. जाऊ दे.

ही सवय मला माझ्या काकांमुळं लागली. काका खानापूर तालुक्यातले, शेती, अंगानं काटक, ४८ वर्षांचे होते तेव्हा. संडासला रक्त पडायला लागलं, घरात सगळ्यांनी ठरवलं मूळव्याध, तिखट बंद केलं, सुरण खाल्ला, मूळव्याधीचा बोर्ड लावून बसलेल्या एकाकडं आठ महिने औषध घेतलं आणि त्या आठ महिन्यांत त्या बाबानं एकदाही आत बोट घालून बघितलं नाही. ट्यूब कुठनं जायच्या? माझ्याच दुकानातनं. शेवटी वजन उतरलं, संडासला दिवसात आठ-दहा वेळा जायचे आणि तरी साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, तेव्हा बेळगावला सर्जनला दाखवलं. त्यांनी ग्लोव्ह घातला, दोन मिनिटांत गाठ हाताला लागली. दोन मिनिटं ओ. रेक्टमचा कॅन्सर. रेडिएशन झालं, केमो झाली, ऑपरेशन झालं, पोटावर संडासची कायमची पिशवी आली. आता साठीला आले, पिशवी लावूनच शेतात जातात, पण आठ महिने आधी दाखवलं असतं तर एवढं करावं लागलं नसतं असं मला अजून वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. मी डॉक्टर नाही, खाली लिहितोय ते कुणाला कधी काय विचारायचं ते कळावं म्हणून, ह्यावरनं गोळ्या घेऊ नका.

मोठं आतडं साधारण दीड मीटरचं, शेवटचा वीतभर भाग म्हणजे रेक्टम, मलाशय. अंगावर चामखीळ येते ना, तसं ह्या आतड्याच्या आतल्या बाजूला वय वाढेल तसं छोटे कोंब येतात, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप वाईट नसतात, बहुतेक तसेच राहतात, पण काही जातीचे हळूहळू वाढत कॅन्सर होतात, आणि ह्या 'हळूहळू'तच सगळी गंमत आहे, कारण त्याला बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं लागतात. म्हणजे चोर दारात दहा वर्षं बसलेला असतो. दुर्बिणीनं बघितलं तर पॉलिप दिसतो, तिथल्या तिथं काढता येतो, आणि तो काढला की त्याचा पुढं कॅन्सर होण्याचा प्रश्नच मिटला. बाकीच्या बऱ्याच कॅन्सरात तपासणी म्हणजे रोग लवकर पकडणं, इथं रोग व्हायच्या आधीच वाट अडवता येते.

आणि हा काही क्वचित होणारा आजार नाही. २०२२ सालात जगात जवळपास १९ लाख लोकांना नव्यानं झाला आणि ९ लाखांच्या वर माणसं गेली, कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुसानंतर ह्याचाच नंबर. फुटबॉलवाला पेले त्याच वर्षी डिसेंबरात गेला तो ह्यानंच. हॉलीवूडचा चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला तेव्हा फक्त ४३ वर्षांचा होता. आपल्याकडं भारतात प्रमाण अमेरिका-युरोपपेक्षा बरंच कमी आहे हे खरं, उगाच घाबरवत नाही, पण आपल्याकडं रेक्टमचा वाटा जास्त, तरुण पेशंट पण बरेच, आणि लोक उशिरा येतात. उशीर किती महाग पडतो ते अमेरिकेतल्या आकड्यांवरून बघा, आजार आतड्यापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातले ९० च्या आसपास जिवंत असतात, लिव्हर-फुफ्फुसात गेल्यावर सापडला तर १५ च्या आसपास.

तुमचा धोका किती, हे कसं बघायचं

घरात बसून वहीवर चार गोष्टी लिहा. पहिली वय. ४५ च्या पुढं धोका चढायला लागतो, म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरनं ४५ वर आणलं. दुसरी, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची, घरातलं रक्ताचं नातं. आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण, पोरगा-पोरगी, ह्यांत कुणाला हा कॅन्सर झालाय काय? झाला असेल तर नियम असा, वय ४० किंवा त्या माणसाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या १० वर्षं आधी, ह्यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे संडासच्या वाटेनं दुर्बीण घालून आतडं बघणं. म्हणजे वडिलांना ४८ ला निघाला तर पोरानं ३८ ला करायची. एकाच घरात दोघातिघांना झाला असेल, किंवा पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा आत्या-मावशीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला असेल तर लिंच सिंड्रोम नावाची आनुवंशिक भानगड असू शकते. तिच्यात विशीतच तपासण्या चालू कराव्या लागतात आणि दर एक-दोन वर्षांनी कराव्या लागतात, तेव्हा तसं असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

आता घरातलं कळायचं कसं, कारण आपल्याकडं कॅन्सर हा शब्द घरात उच्चारतच नाहीत. "आजोबा कशानं गेले?" "पोटाच्या दुखण्यानं." झालं. माझ्या काकूला मी विचारलं तर तिनं पण आधी हेच सांगितलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं आजोबांना पण शेवटी रक्त पडायचं. तेराव्याला नाहीतर जत्रेला सगळे जमतात तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या आत्याला बाजूला घेऊन विचारा, तिला सगळं माहीत असतंय.

तिसरी गोष्ट तुमचे जुने आजार. आधी पॉलिप निघालाय काय, आतड्याची जुनी सूज म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स आहे काय (आठ वर्षं झाली की ह्यात नियमित दुर्बिणीनं बघायला सांगतात), शुगर आहे काय. चौथी सवयी. तंबाखू, दारू, सुटलेलं पोट, दिवसभर बसून काम. निपाणीकडचा आपला सगळा पट्टा तंबाखूचा, पुरुष मळून खातात, बायका सकाळी मिश्री लावतात, आणि लोकांना वाटतं तंबाखूनं फक्त तोंडाचा कॅन्सर होतो. सिगरेट-बिडी ओढणाऱ्याला आतड्याचा पण धोका वाढतो. गोवा जवळ आणि तिकडं स्वस्त म्हणून शनिवार-रविवारी जाऊन पिणारे पण बघतो मी, दारूनं पण वाढतो.

मटणाचं नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं की सॉसेज, सलामी, बेकन असल्या प्रक्रिया केलेल्या मांसानं हा कॅन्सर होतो, आणि साधं लाल मांस बहुधा कारणीभूत आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशोब. तो रोजचा हिशोब आहे. रविवारचं मटण म्हणजे रोजचं सलामी सँडविच नव्हे, त्यासाठी म्हाई-जत्रा बंद करा असं मी म्हणणार नाही. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, कडधान्य ही आपली जुनी जेवणं चांगलीच आहेत, त्यातलं फायबर कामाचं आहे, फक्त आता घरोघरी भाकरी कमी आणि मैद्याची बिस्किटं जास्त झाल्यात. आपल्या बेळगावच्या कुंद्यानं, म्हणजे दुधाच्या मिठाईनं, कॅन्सर होत नाही. पोट सुटतं.

पण भाकरी खातो, दारू पीत नाही, घरात कुणाला नाही, म्हणून मला होणारच नाही असं धरून चालू नका. ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो.

त्रास आणि तपासणी ह्यात गल्लत करू नका

तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग, ही काही त्रास होत नसताना करायची. त्रास असेल तर ते स्क्रीनिंग नव्हे, मग सरळ डॉक्टर. हे मला पण बरेच दिवस कळत नव्हतं, कारण आपल्याकडं काही होत नसताना दवाखान्यात जाणारा माणूस येडा समजतात.

डॉक्टरकडं कधी जायचं? संडासातून रक्त, लालभडक असो की काळपट. संडासची सवय बदलून तीन आठवडे झाले, म्हणजे जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ, किंवा एकदा हे एकदा ते. शी बारीक फितीसारखी व्हायला लागली. जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटणं. कारण नसताना वजन उतरणं. पोटात कळा, फुगणं. ह्यातलं बरंचसं साध्या कारणानं पण होतंय, बीट खाल्लं तरी लाल होतं, लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं, पण ठरवायचं कुणी? मूळव्याध असणाऱ्याला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे, दोन्ही एकदम असू शकतात, आणि मूळव्याध आहे म्हणून आतलं कुणी बघत नाही.

अजून एक गोष्ट, ही मी दुकानात रोज बघतो. पन्नाशीचा पुरुष, हिमोग्लोबिन ८, आणि हातात टॉनिकची बाटली. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ असेल तर रक्त थोडं थोडं झिरपत असतं, डोळ्याला दिसत पण नाही, फक्त माणूस दमतो, जिना चढताना धाप लागते. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, लोह कमी झाल्यामुळं रक्त कमी पडलंय असं निघालं तर रक्त कुठं जातंय हे शोधायलाच पाहिजे. "बायकांचं रक्त कमीच असतंय" हे पाळी गेल्यावर चालत नाही. टॉनिक द्या, पण कारण पण विचारा.

आणि डॉक्टरनं तपासताना बोट घालून बघितलं नाही तर तुम्हीच म्हणा, "आतनं पण बघा की डॉक्टर." लाज वाटते मान्य आहे. बाईमाणसानं लेडी डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असायला पाहिजे म्हणून सांगावं, तो तुमचा हक्क आहे.

संडासची टेस्ट

काही त्रास नाही, घरात कुणाला नाही, वय ४५ च्या वर, तर सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे शीमध्ये लपलेलं रक्त शोधणारी टेस्ट. लॅबमध्ये 'स्टूल ऑकल्ट ब्लड' म्हणतात, त्यात फिट (FIT) म्हणून नवा प्रकार आहे, शक्य असेल तर तोच मागा. जुन्या प्रकारात मटण आणि व्हिटॅमिन सी बंद करावं लागतं, फिट फक्त माणसाचंच रक्त ओळखतं म्हणून खाण्याचं पथ्य नाही. वर्षातून एकदा करायची, एकदा करून विसरायची नाही. कॅन्सर असेल तर एका टेस्टमध्ये शंभरातले पाऊणशेच्या आसपास सापडतात, पॉलिप मात्र बरेच सुटतात, म्हणून तर दर वर्षी.

नमुना कसा घ्यायचा ते कुणी सांगत नाही. संडासच्या भांड्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरा, पाणी किंवा लघवी लागू देऊ नका, डबीतल्या काडीनं दोन-तीन ठिकाणचं थोडं थोडं घ्या, डबीभर नको. पाळी चालू असताना किंवा मूळव्याध वाहत असताना घेऊ नका. डबीवर नाव-तारीख लिहून लॅबवाला सांगेल तेवढ्या वेळात पोचवा. आणि हो, कागदी पिशवीत घालून न्या, आमच्या गल्लीतला एकजण पारदर्शक पिशवीत घेऊन बसमध्ये बसला होता.

पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, बहुतेकांना नसतोच. पण पॉझिटिव्ह आल्यावर परत तीच टेस्ट करून निगेटिव्ह यायची वाट बघायची नाही, कोलोनोस्कोपी करायची. रक्तातली सीईए नावाची टेस्ट पॅकेजमध्ये घालून विकतात, ती आजार असलेल्या पेशंटचा पुढचा हिशोब ठेवायला ठीक, धडधाकट माणसाच्या स्क्रीनिंगला उपयोगाची नाही, पैसे वाचवा.

कोलोनोस्कोपी, माझ्यावर झालेली

मी ४७ ला फिट केली, पॉझिटिव्ह आली. सांगायला काय, दोन रात्री झोपलो नाही. कोलोनोस्कोपीपेक्षा आदल्या दिवसाची तयारी जड असते, ती नीट केली नाही तर आत काही दिसत नाही आणि सगळं परत करावं लागतं.

आधी डॉक्टरला तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन ह्यांचं ते सांगतील तसंच करायचं, स्वतःच्या डोक्यानं बंद करायचं नाही. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, कडधान्य, बियांची फळं बंद, म्हणजे एरवी जे चांगलं तेच नेमकं नको, मऊ भात आणि पातळ वरण चालतंय. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं, शहाळं, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं काही नको, आमसुलाचं सार पण नको, ते आत रक्तासारखं दिसतं. मग पावडर पाण्यात कालवून प्यायची, साधारण दोन लिटर, अर्धी रात्री, अर्धी पहाटे. चव खारट-गुळमुळीत, गार करून पिलं तर जातं. पिल्यावर अर्ध्या-एक तासात जे चालू होतं ते सांगत नाही, फक्त एवढंच की पावडर पिऊन खानापूर-बेळगाव बसमध्ये बसू नका. लांबच्या गावचे असाल तर आदल्या रात्री शहरात पाहुण्यांकडं राहा, आणि ज्यांच्याकडं संडास एकच आहे तिथं नको. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणीच यायला लागलं की तयारी झाली.

मला झोपेचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात झालं, कळलं पण नाही, उठल्यावर पोटात गॅस आणि प्रचंड भूक. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी पाहिजेच. आतडं फाटण्याचा धोका असतो, हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पॉलिप काढला तर थोडा जास्त, ते सही करायच्या आधी विचारून घ्या. फॉर्म कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतो, वाचता येत नसेल तर वाचून सांगा म्हणायचं, सगळे सांगतात, भाषेचं राजकारण ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणी काढत नाही. माझ्यात ६ मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला, तिथंच काढला, बायोप्सीत, म्हणजे काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासल्यावर, कॅन्सर नाही, पण वाढला असता अशी जात निघाली. आता सात वर्षांनी परत बघायचं. काहीच निघालं नाही तर साधारण दहा वर्षं सुट्टी. बायोप्सी केली की, हवा लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात ते सगळं खोटं आहे.

कुठं आणि कशानं

सरकारी आरोग्य केंद्रात ३० च्या वरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख ह्या तीन कॅन्सरची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, ती कराच, पण आतडं त्यात नाही, ते आपणच मागायला लागतं. दुर्बिणीसाठी बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, केएलईचं हॉस्पिटल, आणि पोटाचे स्पेशालिस्ट आहेत. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, कॅन्सर निघालाच तर हुबळीचं कॅन्सर हॉस्पिटल, बेंगळूरचं किदवई, मुंबईचं टाटा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना पण जाहीर केली, त्यावरून दोन सरकारांचं वाजलंय. आपण त्यात पडायचं नाही, ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दोन्ही कागद दाखवून कुठला चालतोय ते विचारायचं. धडधाकट माणसाची तपासणी योजनेत बसेलच असं धरू नका.

रिपोर्ट आला की त्याचे फोटो काढून ठेवा, आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा किती वयाला काय निघालं, कारण पोराबाळांचा हिशोब त्याच आकड्यावरनं लागणार. काकांच्या फाइलवर मी "वय ४८" लिहून खाली लाल पेनानं "वजा १०" केलंय. चुलतभाऊ पुण्याला असतो, ह्या श्रावणात ३८ पूर्ण करतोय. गणपतीला गावी येतोस तेव्हाच करून टाकू म्हणालो तर म्हणाला, मोदक सोडून ती पावडर कोण पिणार ओ. म्हणून विसर्जनानंतरचा सोमवार घेतलाय, सोबत मी जाणार.